पोरगी कोणत्या जिल्ह्याची

लातूर जिल्ह्याच्या संपूर्ण इतिहासात परदेशगमन करणारं पहिलं बालक गुंडप्पांच्या घरात निपजलं, आणि ह्यात तिळमात्र अतिशयोक्ती नाही. जिल्ह्याचा संपूर्ण इतिहास त्या वेळी चार वर्षांचाही झालेला नव्हता.

त्याआधी लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्या काळात कोण कुठं गेलं आणि काय करून आलं, ह्याची आठवण उस्मानाबादकरांनी ठेवावी, असं गावाचं मत होतं. पंधरा ऑगस्टला जिल्हा झाला आणि सोळा ऑगस्टपासून गावात जे जे घडलं ते जिल्ह्यातलं पहिलं ठरत गेलं. पहिलं जुळं झालं. पहिली रसवंती विजेवर चालली. पहिला हाजी परत आला. ह्या सगळ्यांना नारळ देण्यासाठी पंचाक्षरी मास्तरांनी ‘नवजिल्हा गौरव समिती’ काढली होती. भर बाजारात घरफोडी झाली तीही पहिलीच, आणि चोर सापडला असता तर मास्तरांनी त्यालाही स्टेजवर बसवलं असतं, असं लोक म्हणत. पाऊस तेवढा नव्या जिल्ह्याच्या वाटणीत आला नव्हता. तो जुन्या जिल्ह्यानं ठेवून घेतला असावा अशी लातूरला शंका होती. उस्मानाबादचे लोक तो लातूरला दिला म्हणून सांगत.

गुंडप्पांची भुसार मालाची अडत गंजात, म्हणजे धान्यबाजारात होती आणि घर अडतीच्या मागं. धाकटा मुलगा शिवलिंग मस्कतला इंजिनियर होता, समुद्राचं खारं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात. ही नोकरी लागली तेव्हा गुंडप्पांनी कुणाला सविस्तर सांगितलं नव्हतं, कारण लोकांना ते खोटं वाटलं असतं. ह्या उन्हाळ्याच्या सुटीत शिवलिंगनं आईला, म्हणजे कमलम्मांना, आणि थोरला भाऊ चंद्रप्पाच्या दहा वर्षांच्या शिवगंगेला महिनाभर तिकडं नेलं. महिना सरल्यावर शिवलिंग आणि त्याची बायको गौरम्मा दोघींना पोचवायला आले. लगेच पंचाक्षरी मास्तरांनी रविवारी संध्याकाळी अडतीच्याच अंगणात सत्कार ठरवला. अंगण मोकळंच होतं. दोन हंगाम त्यात म्हणावा असा माल उतरला नव्हता.

कमलम्माही त्याच विमानात, पोरीच्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या. पण बालकांत त्या बसत नव्हत्या आणि प्रौढांत हाजीसाहेबांनी त्यांना मागं टाकलं होतं. त्यामुळं त्यांच्याकडं हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, करण्याचं काम आलं.

इथवर सगळं गोड होतं. अडचण शुक्रवारी दुपारी, जेवताना झाली होती.

शिवलिंगच्या लग्नाला नऊ वर्षं होत आली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. भाकरीचा तुकडा मोडता मोडता तो म्हणाला, “अप्पा, गंगीला आमच्याकडंच ठेवावं म्हणतो. तिथल्या शाळेत जागा मिळतीय. शिकून मोठी होईल.”

गुंडप्पा त्या दिवसांत अशा तंद्रीत होते की त्यांना कुणी अडत मागितली असती तरी त्यांनी दिली असती. “हाव,” ते म्हणाले. “ने की. माझा शब्द.”

चंद्रप्पानं जन्मात बापाचं बोलणं तोडलं नव्हतं. त्यानं वरण मागितलं. सिंधु, त्याची बायको, शिवगंगेची आई, वरण घेऊन वाकलेलीच होती. तिला कुणी विचारलं नाही. वाढणाऱ्या माणसाला विचारायची त्या घरात पद्धत नव्हती. तिनं वरण वाढलं, भाकरी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टँडवर जाऊन कंधारच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं, “कंधारला उतरल्यावर वीरण्णाच्या कापडदुकानात सांगा. बहिणीनं हुग्गी खायला बोलावलंय म्हनावं. उद्याच.”

वीरण्णाला गोड चालत नव्हतं. त्याला बरोबर कळलं.

*

रविवारी सकाळी गुंडप्पा अडतीच्या गादीवर बसून नातीचं भाषण पाठ करून घेत होते.

“म्हन. मी लातूर जिल्ह्याची लेक.”

“मी लातूर जिल्ह्याची लेक.”

“माझ्या आज्यानं मला सातासमुद्रापार धाडलं.”

“एकच व्हता, अप्पा.”

“काय एकच?”

“समुद्र. काकानं नकाशात दाखवला.”

“भाषणात सातच असतेत. म्हन.”

शिवगंगेनं सात म्हटले. गुंडप्पांनी डोळे मिटले. अडतीच्या एकेका लायसनसाठी त्यांनी उमेदीचे किती दिवस उस्मानाबादच्या कचेऱ्यांबाहेर बाकड्यावर काढले होते, ते त्यांनाच ठाऊक. तिथला चपराशी नाव घेत नसे. “ओ लातूरवाले, थांबा,” म्हणे. लातूरवाले थांबत. मुक्कामाची शेवटची गाडी चुकली की स्टँडवर झोपत. आता लातूरवाल्यांना स्वतःचा जिल्हा होता, स्वतःचं बाकडं होतं, आणि त्यांची नात विमानातून समुद्र बघून आली होती. म्हाताऱ्याच्या छातीत जे भरून आलं होतं ते खरंच होतं. त्याला हसू नये.

“विमानातून काय दिसलं तेबी सांग,” ते म्हणाले.

“ढग दिसले. खाली व्हते. लई व्हते, अप्पा. समुद्रावर नुसती थप्पी लावून ठिवलेली.”

“आन् इकडं कामून येईनात?”

शिवगंगा अडत्याची नात होती. “भाव वाढायची वाट बघत असतील,” ती म्हणाली.

*

मागं स्वयंपाकघरात कमलम्मा हुग्गीसाठी कांडलेले गहू निवडत होत्या आणि गल्लीतल्या बायका ऐकायला बसल्या होत्या. गोष्ट बायकांना पाठ होती, तरी त्या मधेमधे न ठाऊक असल्यासारखं विचारत होत्या.

“मुंबईच्या इमानतळावर एक बाई. खाकी लुगड्यातली. हातात दांडकं. माझ्या गळ्यापाशी आलं की ते दांडकं वरडायचं. म्हनती, हे चांदीचं काढा. म्या म्हनलं, बाई, हे लिंग हाय. जन्मल्यापासून अंगावर हाय, मेल्यावर बी संगंच जातंय. म्हनती, काढावंच लागतंय. म्या म्हनलं, मग मुंडीच काढून घे, संगंच यील.”

“मग काढली का हो?”

“न्हाई. ठिवायला जागा नव्हती तिच्याकडं.”

बायका हसल्या. चुलीपाशी बसलेली सिंधु हसली नाही. गौरम्मा तिच्या शेजारी गूळ फोडत होती. मस्कतला ती गॅसवर उभ्यानं स्वयंपाक करी. इथं खाली बसून तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, पण ती उठत नव्हती.

“अक्का,” ती हळूच म्हणाली, “पोरीला तिथं काही कमी पडणार नाही.”

“ठाव हाय,” सिंधु म्हणाली. “तुमच्याकडं सगळं भरलेलं असतंय म्हनं.”

गौरम्मानं गुळावर दोनदा बत्ता मारला. दोन्ही वेळा चुकला.

भरलेलं होतं, हे खरंच होतं. मस्कतला सासूबाई आणि पोरगी आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गौरम्मा उठून पाहते तर घरातलं एकूण एक भांडं पाण्यानं भरलेलं. बादल्या भरलेल्या, कुकर भरलेला, चहाचे कप, मिक्सरचं भांडं, शिवलिंगचा थर्मास, काचेची फुलदाणीसुद्धा. वर फडकी बांधलेली. “नळ चालू व्हता,” सासूबाई म्हणाल्या. “जायच्या आत भरून घेतलं.” गौरम्मानं सांगितलं की हा नळ जात नाही. दोघींनी पाहुण्यांच्या सभ्यपणानं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा भरलं. कालचं शिळं पाणी गॅलरीतल्या कुंडीत ओतलं. त्या कुंडीत सहा वर्षांत काही उगवलं नव्हतं. महिन्याअखेर तिच्यात पुदिना आला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गौरम्माही पहाटे उठून भांडी हातोहात द्यायला लागली होती. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. शिवलिंग कोरडा कुकर सापडत नाही म्हणून कुरकुरला की ती सासूबाईंवर ढकलायची, “अव्वाला बरं वाटतं.”

हे तिनं सिंधूला सांगितलं नाही. तिनं गूळ फोडला.

*

वीरण्णा दुपारच्या गाडीनं आला. परसदारी बहिणीकडून शुक्रवारचं सगळं ऐकून घेऊन तो अंगणात शिरला. डोक्याला नवा रुमाल, कपाळाला विभूतीचे ठळक पट्टे, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात शाल. अंगणात कापडी फलक बांधला होता: ‘लातूर जिल्ह्यातील पहिली परदेशगामी बालिका’. वीरण्णा कापडाचा व्यापारी. त्यानं आधी कापड चिमटीत धरून पाहिलं, मग मजकूर वाचला.

“दाजी,” तो चंद्रप्पाला म्हणाला, “हे कुनी रंगवलं?”

“मास्तरानी. का बरं?”

“चुकलंय.”

खुर्च्या मांडत असलेले पंचाक्षरी मास्तर जवळ आले. शुद्धलेखनाची चूक निघेल ह्या भीतीनं त्यांनी चष्मा पुसला. “कुठं?”

“पहिल्याच शब्दात. अप्पा, पोरगी जन्मली कुठं?”

गुंडप्पा गादीवरून उठून आले होते ते उंबऱ्यातच थांबले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज त्या घरात कधी मोडला नव्हता. सातव्या महिन्यात सिंधूला स्वतः गुंडप्पांनीच कंधारच्या गाडीत बसवलं होतं. शिवगंगा कंधारला, वीरण्णाच्या घराच्या माजघरात जन्मली होती. तिची नाळही तिथंच, परसात होती. लातूरला बारशानंतर आली, तीही भाड्याच्या जीपमधून.

“पासपोर्ट आना,” वीरण्णा म्हणाला.

शिवलिंगनं आणला. वीरण्णानं तो हातभर लांब धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. जन्मस्थळ कंधार. जिल्हा नांदेड.

“अशोकाचे सिंह हायेत ह्याच्यावर,” तो म्हणाला. “मास्तराचा ब्रश न्हाई.”

“लेक बापाच्या घरची असती,” गुंडप्पा म्हणाले.

“असती की. पन गंगी जन्मली तवा बापाचं घर उस्मानाबाद जिल्ह्यात व्हतं. तुमचा जिल्हा तिच्यापरीस धाकला हाय, अप्पा. थोरल्या पोरीला धाकला जिल्हा कसा मालक व्हतो?”

मास्तर समितीच्या मदतीला धावले. “वीरण्णा, नांदेड जुना जिल्हा. तिथून लोक कधीच परदेशी जाऊन आले असतील. तुमच्याकडे ही कितवी लागेल? तुम्हाला तिचा उपयोग काय?”

“कंधार तालुक्यात पहिलीच हाय.”

“तालुक्याला समिती आहे का?”

“आत्ता येताना बसमधी झाली. अध्यक्ष मी.”

गल्लीतली माणसं जमू लागली होती. गुंडप्पांचा आवाज चढला. “माझ्या अंगणात येऊन माझी नात पळवतो काय? लेक बापाच्या घरची. खलास.”

“बापाच्या घरची?”

“हाव.”

“मग मस्कतला कामून देऊन राहिलात?”

आता बोलणं खऱ्या मुद्द्यावर आलं होतं. दाराआड सिंधूनं भांडं खाली ठेवलं.

“द्या की,” वीरण्णा पुढं म्हणाला, आता जरा हळू. “मी कोन अडवनार. पन मग एक समजून घ्या. तिथंच राह्यली तर ती मस्कतची झाली. मस्कतची पोरगी मस्कतला गेली, त्यात पहिलं काय? ना तुमची, ना आमची. हे कापड सोडा आन् पोत्याला ठिगळ लावा. कापड बी बेतास बात हाय.”

गुंडप्पांनी फलकाकडं पाहिलं, मग शिवलिंगकडं. एका बाजूला जिल्हा होता, दुसऱ्या बाजूला शब्द. दोन्ही त्यांचेच, आणि दोन्ही एका पोरीच्या डोक्यावर ठेवलेले.

शिवलिंग भांडायला उभा राहिला नाही. ही त्याची खोड सिंधूला माहीत होती. तो भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. “वीरण्णा, ह्यात जिल्ह्याचं काय आहे?” तो म्हणाला. “मार्चपासून हिची शाळा अर्धाच दिवस होती, कारण शाळेच्या हौदात पाणी नव्हतं. उरलेला अर्धा दिवस पोरगी घागर घेऊन उभी. मी तिथं दिवसभर समुद्र गोडा करतो आणि माझ्या घरातलं लेकरू इथं टँकरची वाट बघतं. मला झोप लागत नाही. आम्हाला मूल नाही म्हणून मागत असेन, तेही आहे. पण तेवढंच नाही.”

वीरण्णानं हातातला पासपोर्ट मिटला. सिंधूलाही पटत होतं: तो खरं बोलत होता. तिनं स्वतःशी कितीदा घोकून पाहिलं की पोरीचं तिकडं कल्याण आहे, आणि दर वेळी तिच्या मनानं मान हलवली, पण हातांनी ऐकलं नाही. हातांना उद्या सकाळी वेणी घालायला पोरगी पाहिजे होती.

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा भोंगा वाजला.

आणि सभा उधळली. लातूरच्या त्या वर्षांत टँकरचा भोंगा वाजल्यावर पुढं बोलत राहणारा माणूस एकतर बहिरा असे नाहीतर पाहुणा. शिवलिंगनं मस्कतची कडक इस्त्रीची पँट घोट्यावर दुमडली आणि सवयीनं दोन्ही हातांत घागरी उचलल्या. चंद्रप्पानं पिंप गडगडवत नेलं. वीरण्णानं शाल फलकाच्या दोरीवर टाकली आणि बहिणीच्या हातातली कळशी घेतली. पंचाक्षरी मास्तर सायकल टाकून आपल्या गल्लीकडं पळाले.

माणसं येण्याआधी रांग तिथं होतीच. त्या गल्लीत माणूस रांगेत उभा राहत नसे. त्याची घागर राही. टँकर भरून देऊन निघून गेला की पुढच्या खेपेसाठी घागरी लगेच ओळीनं लागत, दगडासारख्या दिवस-दिवस उन्हात बसत, आणि कुणी दुसऱ्याची घागर हलवली तर त्यावरून नाती तुटत. शिवगंगा पळत गेली आणि थबकली. तिची पोचा पडलेली पितळी घागर, जी घेऊन ती महिन्यापूर्वीपर्यंत उभी राहायची, रांगेत होती. पुढून तिसरी.

“तुझा नंबर सोडलाच न्हाई,” तिची मैत्रीण, शेजारच्या गुणाबाईची लेक, म्हणाली. “दर टँकरला म्होरं सरकवली. भरायची, तुमच्या घरी ओतायची, परत लावायची. आमी म्हनायचो, गंगी आली.”

शिवगंगेनं घागरीच्या पोच्यावर बोट फिरवलं. मागं दोन हातांत दोन बादल्या घेऊन उभ्या असलेल्या गौरम्मानं ते पाहिलं.

*

सत्कार संध्याकाळी, भरलेल्या पिंपांच्या साक्षीनं झाला. पाहुणे म्हणून बोलावलेले साहेब टंचाईच्या बैठकीत अडकल्यामुळं मास्तरांनी हाजीसाहेबांना आणून बसवलं. पोरीला जिल्ह्यातर्फे एक शाल आणि तालुक्यातर्फे एक शाल अशा दोन शाली जूनच्या उकाड्यात घालण्यात आल्या. वाद मिटला नव्हता, तात्पुरता अंगावर घेतला होता.

शिवगंगा उभी राहिली. तिला तीन भाषणं पढवलेली होती. आजोबांचं सकाळी, मामाचं पाणी भरताना, आणि काकाचं सत्काराच्या जरा आधी.

“मी लातूर जिल्ह्याची लेक,” तिनं सुरुवात केली. गुंडप्पांनी मान वर केली. “माझा जन्म कंधारचा.” वीरण्णानं रुमाल नीट केला. “मस्कतला जायला समुद्र लागतो. सात.” ती आजोबांकडं बघून थांबली. मग तिसरं भाषण आठवेना म्हणून तिनं आपलं सुरू केलं.

“तिथला समुद्र खारट हाय. काका त्याला गोड करतेत. तिथला नळ कवाच जात न्हाई.”

मागच्या ओळीतली माणसं उठून उभी राहिली.

“कवाच न्हाई?” मागून कुणीतरी विचारलं.

“कवाच न्हाई. सनाला बी न्हाई.”

“धार केवढी?”

शिवगंगेनं आपलं मनगट दाखवलं. अंगणभर हुंदक्यासारखा एक उसासा फिरला. हाजीसाहेबांनी आपण हे प्रत्यक्ष पाहिलं असल्याच्या थाटात मान डोलावली.

“आन् पाऊस?”

“पाऊस पडतच न्हाई. आपल्यासारखाच.”

ह्यावर लोकांना जरा बरं वाटलं. गुंडप्पांनी वळून शिवलिंगकडं पाहिलं. पाऊस नसलेल्या मुलखात मनगटाएवढी धार काढणारा माणूस त्यांच्या पोटचा होता. अंगणात आता ते कुणाला खोटं वाटत नव्हतं.

शिवलिंगनं मास्तरांना एक प्रश्न विचारायला सांगून ठेवलं होतं. मास्तरांनी तो विचारला. “मग शिवगंगा, शिकायला तिथंच राहायला आवडेल का तुला?”

दाराच्या चौकटीत सिंधु उभी होती. तिनं चौकट धरली.

शिवगंगेनं विचार केला. तिला खोटं बोलायचं नव्हतं आणि काकालाही वाईट वाटू द्यायचं नव्हतं. “तिथं समदं चांगलं हाय,” ती म्हणाली. “शाळा बी चांगली हाय, काकानं दाखवली. पन तिथं नंबर नसतो. नळ घरातच हाय म्हनून कुनी बाहेरच येत न्हाई. आमच्या मजल्यावर चार दारं व्हती. कोन राहतंय ते काकूला बी ठाव नव्हतं. मग म्या आमच्या दाराबाहेर एक भांडं ठिवलं. म्हनलं बघू, कुनाचं त्याच्या मागं लागतंय का.”

“मग?” मास्तरांनी विचारलं. हा प्रश्न कुणी पढवलेला नव्हता.

“दोन दिस कुनी लावलं न्हाई. तिसऱ्या दिशी एक लागलं.”

“कुणाचं?”

“काकूचं.”

लोक हसले. हसण्यासारखंच होतं. शिवलिंग हसला नाही; तो बायकोकडं बघत राहिला. तिसऱ्या दिवशी दाराबाहेर दोन पातेली पाहून त्यानंच ती आत आणली होती, रस्त्यात येतात म्हणून.

गौरम्मा बायकांत बसली होती ती उठली आणि दारापाशी सिंधूजवळ जाऊन उभी राहिली. नऊ वर्षांत दोघी जावा एका चौकटीत अशा कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. चौकट लहान होती.

“न्यायची न्हाई तिला,” गौरम्मा म्हणाली. मस्कतला गेल्यापासून ती नवऱ्याशी शहरी बोले. ते आता गळून पडलं होतं. “तिथं तिच्या पातेल्यामागं एक माझंच लागतंय, तिसरं कुठून आनायचं? म्याच येत जाईन दर उन्हाळ्याला. अक्का, माझी बी एक घागर लावून ठिवत जावा.”

सिंधूनं चौकटीत सरकून जागा केली.

शिवलिंग बापाजवळ जाऊन वाकला. “अप्पा, राहू द्या तिला इथंच. शाळेच्या हौदाचं मी बघतो काहीतरी.”

गुंडप्पांना दिलेला शब्द माघारी घ्यायची सवय नव्हती. पण ज्याला दिला त्यानंच आणून परत केला, तर ठेवून घ्यायला हरकत नव्हती. ते उठले. माईक नव्हता, त्यांना लागतही नव्हता.

“लातूर जिल्ह्याची पोरगी लातूर जिल्ह्यातच शिकंल,” ते म्हणाले. “आन् शिकून पुन्ना इमानात बसंल. तवा स्वतःच्या पायानं. मास्तर, लिहून ठिवा.”

“बाळंतपण कंधारला झालं, तेवढं बी सांगा,” वीरण्णा बसल्या जागेवरून म्हणाला.

“सांगितलं की पोरीनं.”

“तुमी सांगा.”

गुंडप्पांनी व्याह्यांच्या पोराकडं रोखून पाहिलं. मग अंगणाकडं तोंड केलं. “बाळंतपण कंधारला झालं,” ते म्हणाले. “चांगलं झालं. पोरगी सव्वासात पौंडाची व्हती.”

टाळ्या वाजल्या. कमलम्मांनी हुग्गी वाढायला घेतली. वीरण्णानं मनाई असताना दोनदा घेतली. शिवगंगा दोन्ही शालींसकट मैत्रिणींत जाऊन बसली आणि विमानातली साखरेची पुडी उघडून प्रत्येकीला चिमूट चिमूट वाटू लागली. त्या दिवशी त्या अंगणात जेवढी माणसं होती तेवढे सगळे तिचे मालक होते, आणि भांडायचं कुणाला सुचत नव्हतं.

समितीचं प्रमाणपत्र मास्तरांनी शेवटी दिलं. मास्तर काटकसरी होते. शाळेच्या कपाटात उरलेल्या छापील प्रमाणपत्रांतल्या एकावर त्यांनी सुवाच्य अक्षरात मधला मजकूर भरला होता. गुंडप्पांनी ते दुसऱ्याच दिवशी काचेत बसवून अडतीच्या गादीच्या वर, सगळ्यांना दिसेल असं लावलं. अजून तिथंच आहे. त्यात शिवगंगेचं नाव आहे, मस्कत आहे, ‘पहिली बालिका’ आहे, आणि सगळ्यात वर ठळक टायपात छापलेलं आहे: जिल्हा उस्मानाबाद.